तळ्याच्या काठची पांढरी रेघ

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, पण मला रद्दी समजू नका. माझ्यावर एक तळं आहे. वारा पडलेला, पाणी निवांत, पलीकडच्या काठावर चार पाइनची झाडं आणि अलीकडे पाणी सोडायच्या दाराचा एक लाकडी खुंट. एवढंच. ना माणूस, ना होडी, ना बगळा. लाकडाच्या फळ्या कोरून, त्यांना रंग लावून माझ्यावर हे तळं छापलेलं आहे.

सध्या माझा मुक्काम शहरातल्या कलादालनात, एका सपाट खणात असतो. उजेडाने माझा निळा रंग उडतो म्हणून मला अंधारात ठेवतात आणि काही वर्षांतून एकदा बाहेर काढून काचेमागे लावतात. उचलताना हातात मोजे घालतात, जवळ कुणी शिंकलं तरी डोळे वटारतात. माझे हे लाड पाहून कुणालाही वाटेल, काय नशीब काढलंय या कागदाने! पण माझ्या शेजारी जी पाटी लावतात ना, ती खोटी आहे. सगळी नाही, पण जिथे खरी असायला हवी होती नेमकी तिथेच खोटी आहे. मला तोंड नाही, म्हणून इतकी वर्षं ऐकून घेतलं. आज तुम्ही भेटलात, तर सांगून टाकतो.

माझा जन्म जपानातल्या, डोंगरापलीकडच्या तोसा मुलखातला. तिथे तुतीच्या जातीच्या एका झाडाची साल उकडतात, कुटतात, आणि भर थंडीत, बोटं बधिर होतील अशा पाण्यात तिचा लगदा चाळणीवर झुलवून कागद करतात. त्या गार पाण्यामुळे आम्ही चिवट निघतो. कितीही रगडा, फाटत नाही. माझ्यासारख्या कागदांचा एक गठ्ठा डोंगर ओलांडून सानुकी मुलखात, मारुगामे शहराजवळच्या एका खेड्यात आला, आणि हिरासे मास्तरांच्या फडताळात जाऊन पडला.

सानुकीत नद्या नावालाच. पावसाचं पाणी साठवलं तर भात, नाहीतर आभाळाकडे बघत बसायचं. म्हणून तिथे गावोगाव तळी खोदलेली. मास्तरांच्या घरामागेही एक होतं, कामे तळं, म्हणजे कासवांचं तळं. मास्तर रोज शाळेत जायच्या आधी त्याच्या बांधावर उभे राहत.

हिरासे इवाओ हे त्यांचं नाव. शाळेत चित्रकला शिकवायचे. अंगाने काटकुळे, बोलायला कमी, आणि एकदा एक गोष्ट डोक्यात घेतली की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. त्यांनी डोक्यात घेतलेली गोष्ट अशी, की चित्र एकाच माणसाचं असलं पाहिजे. पूर्वी लाकडी ठशाचं चित्र तिघे मिळून करायचे. एक जण काढायचा, दुसरा कोरायचा, तिसरा छापायचा. मास्तर आणि त्यांच्यासारख्या आसपासच्या काही वेड्यांनी एक मंडळ काढलं आणि शपथ घेतली: आपणच काढायचं, आपणच कोरायचं, आपणच छापायचं. दुसऱ्याचा हात लागला की ते चित्र बाटलं.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? पण त्यांच्यासाठी तो धर्म होता, आणि मास्तर त्यातले सगळ्यांत कडवे. मंडळातल्या एकाने कंबर धरली म्हणून एक फळी सुताराकडून कोरून घेतली होती. मास्तरांना ते कळलं. भर बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याला हात विकत घ्यायचेत त्याने पंख्याचा कारखाना काढावा. मंडळात त्याचं काम नाही." त्या बिचाऱ्याला मंडळ सोडावं लागलं. पुन्हा त्याने हातात कोरणी धरली नाही म्हणतात. मास्तर ही गोष्ट घरी अभिमानाने सांगत होते तेव्हा मी फडताळात होतो, आणि त्यांची बायको तोमिए चुलीपाशी होती.

तोमिए मारुगामेची. तिच्या माहेरी पंखे बनवायचे. बांबूच्या काड्यांवर कागद चिकटवण्यात तिचं लहानपण गेलेलं. तिला कागद आवडायचे. गठ्ठ्यातून एखादा काढून ती गालाला लावायची, वास घ्यायची, परत ठेवायची. मास्तरांच्या कामाच्या खोलीत मात्र तिला हात लावायला मनाई होती. फक्त रंगात मिसळायची तांदळाची खळ ती शिजवायची. खळ कलेत मोजत नव्हते.

त्या वर्षी मास्तरांनी कामे तळं कोरायला घेतलं. चार फळ्या केल्या: एक आकाशाची, एक बांधाची, एक झाडांची आणि एक पाण्याची. कोरीव काम झकास झालं. पण छपाईला बसले की गाडी अडायची. फळीवर रंग लावून तिच्यावर ओलसर कागद पालथा घालतात आणि त्याची पाठ एका चकतीने गोल गोल घोटतात. बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या या चकतीला बारेन म्हणतात. मास्तर ती अशी दाबायचे, जणू कागद पळून जाणार आहे. माझे कितीतरी भाऊ त्यांच्या हाताखालून गेले. कागद नेमका बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात कोरलेल्या खाचेत तो बरोबर बसलेला, रंग रंगाला भिडलेला, कुठे केसाचीही फट नाही, आणि तळं मेलेलं.

ओचिआई म्हणून मास्तरांचा एक मित्र होता. गावात दातांचा दवाखाना चालवायचा आणि मंडळातही होता. तो एकेक प्रत उचलून बघायचा आणि म्हणायचा, "मास्तर, झकास बसलंय रे. फक्त एक भीती वाटते, या तळ्यावरून कुणी सायकल चालवत जाईल."

मास्तर हसायचे नाहीत. आतल्या खोलीतून तोमिएच्या हसण्याचा आवाज यायचा आणि लगेच बंद व्हायचा.

तर मित्रांनो, आता माझा दिवस. आदल्या संध्याकाळी मास्तरांनी आम्हा काही कागदांना पाणी मारून, थप्पी करून झाकून ठेवलं होतं. ओल सगळीकडे सारखी मुरली की छापायचं, आणि मुरलेला कागद लगेच वापरायचा. नाहीतर त्याला बुरशी धरते, मग तो कशाच्याच कामाचा राहत नाही. सुट्टीचा वार होता. मास्तरांनी सकाळी बाकीचे कागद छापून संपवले, शेवटचा मी उरलो. तेवढ्यात शाळेतून निरोप आला की मैदानावरचा मंडप वाऱ्याने पडला, ताबडतोब या. मास्तर चरफडत उठले, टोपी घातली आणि गेले.

मी एकटा ओल्या फडक्याखाली. उन्हं वर आली. तोमिए खोली झाडायला आली, फडकं उचलून पाहिलं आणि म्हणाली, "अगबाई, हा राहिलाच की. चांगला कागद वाया जाणार."

खरं सांगू? नुसत्या काटकसरीने तिने मला उचललं असं मला नाही वाटत. तिने दाराकडे एकदा बघितलं. मग बाह्या दोरीने मागे बांधल्या, हात धुतले, पुसले आणि मास्तरांच्या जागेवर बसली. इतक्या वर्षांत ती त्या जागेवर पहिल्यांदाच बसली होती.

तिने आकाश छापलं, मग बांध, मग झाडं. माझं तोंड फळीवर, पाठ तिच्या हाताखाली. मास्तरांच्या हाताखाली माझे भाऊ कण्हायचे, ते मी थप्पीतून ऐकलं होतं. हिचा हात निराळाच. जिथे दाबायचं तिथे दाबायची, जिथे सोडायचं तिथे सोडून द्यायची. मधेच गुणगुणायची. शेवटी पाण्याची फळी राहिली. तिने निळा रंग लावला, काठाकडे तो ओल्या फडक्याने पुसत पुसत फिका केला, आणि मला दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून, खाचेत बसवायला वाकली.

तेवढ्यात दारात तोफूवाल्याने पिपाणी वाजवली. पोंऽऽ पोंऽऽ! तोमिए दचकली आणि मी एका केसाने सरकून पडलो.

ओला कागद रंगावर पडला की पडला, उचलून परत ठेवता येत नाही. "मेल्या तोफूवाल्या!" ती म्हणाली. मग काय करणार, तिने तसंच घोटलं. मला सोलून उलटं केलं आणि बघतच राहिली.

बांध आणि पाणी यांच्यामध्ये एक बारीक पांढरी रेघ सुटली होती. तिथे कुठलाच रंग नव्हता, फक्त मी होतो, उघडा कागद. आणि त्या रेघेमुळे पाण्यावर उजेड आला होता. पहाटे सूर्य वर यायच्या जरा आधी तळ्याच्या कडेला असतो ना, तसा. तोमिए तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे टिपावेत तसे बाहीने डोळे टिपले. तोफू घ्यायचा मात्र राहून गेला.

मास्तर परत आले तेव्हा मी दोरीवर वाळत होतो.

"हे कुणी केलं?"

"मी," तोमिए म्हणाली. "कागद वाया जात होता."

"गेला असता तर गेला असता! कागद मोठा की शपथ मोठी?"

"अहो, तुम्ही नीट बघा तर खरं."

"काय बघू? खाच चुकलीये ढळढळीत!"

"चुकलीये, माहितीये मला. तोफूवाल्यामुळे चुकली. पण बघा तर."

त्यांनी बघितलं नाही. मला दोरीवरून ओढलं आणि तावातावाने मागच्या दाराकडे निघाले. न्हाणीघराच्या चुलीत पाणी तापत होतं, तिकडे. मला जाळाची ऊब लागली, मित्रांनो. वाटलं, संपलो. आणि तेवढ्यात कुंपणातून ओचिआई आत आला.

"काय मास्तर, मंडप पडला म्हणे! मुलांनी टाळ्या पिटल्या असतील. आणि हे काय हातात? थांब. थांब, अरे थांब म्हणतो ना!"

त्याने मला मास्तरांच्या हातातून घेतलं, अंगणात उजेडाला धरलं, आणि गप्प झाला. हे फार क्वचित व्हायचं. त्याच्या दवाखान्यातही तोंड रोग्याचं उघडं असायचं आणि बोलायचा तोच.

"इवाओ," शेवटी तो हळू आवाजात म्हणाला. तो नेहमी मास्तर म्हणायचा, कधी नाव घ्यायचा नाही. "ही रेघ. कागद असा मोकळा सोडायचं तुला सुचलं तरी कसं रे? तू तर वहीचा समाससुद्धा भरून काढणारा माणूस!"

मास्तरांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचे डोळे चित्र ओळखणारे होते, मी ते नाकारत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि दुसरंच काहीतरी आलं. दारात तोमिए उभी होती. तिने चहाचा ट्रे धरला होता आणि ती मास्तरांकडे बघत होती. सांगतील आता, मला वाटलं. "ही माझ्या बायकोची करामत" एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"जमून गेलं," मास्तर म्हणाले.

तोमिएने ट्रे उंबऱ्यावर ठेवला.

"जमून गेलं म्हणतो बघा! वहिनी, ऐकता ना? आता सही ठोक आणि दे इकडे. ताकामात्सूच्या प्रदर्शनाला हेच जाणार. पुन्हा तू चुलीत घालशील, तुझा भरवसा नाही. वहिनी, तेवढी लाल शाई आणा बघू."

आणि मित्रांनो, तोमिए आत गेली आणि लाल शाईची डबी आणि मास्तरांचा शिक्का स्वतः घेऊन आली. दोन्ही हातांनी पुढे केली. मास्तरांनी पेन्सिलीने नाव लिहिलं, त्याखाली शिक्का उमटवला. माझ्या पाठीवर अजून तिच्या हाताची ऊब होती, आणि पोटावर त्यांचं नाव आलं.

पुढचं काय सांगू? ताकामात्सूला मला पहिलं बक्षीस मिळालं. टोकियोहून आलेले एक पिकल्या केसांचे परीक्षक माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "न छापलेली जागा या माणसाला कळली," असं ते म्हणाले, आणि ते वाक्य वर्तमानपत्रात छापून आलं. गावाने मास्तरांचा सत्कार केला, उदोन शेवयांच्या गरम वाडग्यांवर वाडगे झाले. बायका तोमिएला म्हणाल्या, "वहिनी, नशीबवान हो तुम्ही." ती वाकून म्हणायची, "तुमचीच कृपा." आणखी वाढायला आत निघून जायची.

तोमिए भांडली नाही. पण बोलायचं राहिलं तरी नुसतं जात नाही, घरातच कुठेतरी बसून राहतं. तिने खळ शिजवायचं सोडलं नाही, गुणगुणायचं मात्र सोडलं.

सगळेजण दुसऱ्या प्रतीसाठी मागे लागले. मास्तर छापायला बसले. त्यांनी मुद्दाम कागद एका केसाने सरकवला. रेघ आली, उजेड आला नाही. पुन्हा सरकवला. आता भेग पडल्यासारखी दिसली. किती कागद खराब झाले कोण जाणे. नमुना म्हणून मला त्यांनी समोरच्या भिंतीवर लावलं होतं, तिथून मी सगळं बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंही वाटत होतं.

शेवटी हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी त्यांनी बायकोला हाक मारली. मान वर न करता म्हणाले, "अगं, एकदा बस इथे. कशी केलीस ते दाखव."

तोमिए दारातच उभी राहिली. "दाखवते की. पण आधी मंडळात सांगा, ते मी केलंय म्हणून."

"वेड लागलंय का तुला? मंडळात? त्या माणसाला मी ज्या तोंडाने घालवलं, त्याच तोंडाने हे सांगू?"

"मला सगळ्या जगात नाही मिरवायचं हो. मंडळातसुद्धा राहू द्या. फक्त ओचिआईंना सांगा. एकट्या ओचिआईंना. मग मी बसते."

किती थोडं मागितलं होतं तिने! मास्तरांनी चकती उचलली आणि पुढचा कागद घोटायला घेतला. "जेवण वाढते," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रंधा घेतला आणि पाण्याची फळी तासून काढली. भुरभुर भुरभुर तळं जमिनीवर पडलं. ज्या फळीवर तिने निळा रंग लावला होता तिच्यावर त्यांनी पुढे नव्या वर्षाची शुभेच्छापत्रं कोरली. आता दुसरी प्रत निघणं शक्यच नव्हतं. मग तर माझा भाव आणखी चढला. जगात एकुलता एक! लोकांना वाटलं, काय हा कलावंताचा बाणा.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तोमिए मला बाहेर काढून बैठकीच्या खोलीत, कोनाड्यात टांगायची. तळ्याचं चित्र उन्हाळ्याचं, गारवा देणारं, म्हणून तेवढेच दिवस. पानं लाल व्हायला लागली की उतरवून, गुंडाळून ठेवायची. पाहुणे यायचे, बार्लीचा गार चहा घ्यायचे आणि विचारायचे, "मास्तर, ही रेघ कशी साधली हो?" तोमिए तिथेच चहा ओतत असायची. दर वेळी तिचा हात जरा थबकायचा. दर वेळी मास्तर म्हणायचे, "जमून गेलं." असे उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. मागचं कामे तळंही बुजलं, त्याच्यावर गाड्या लावायची जागा झाली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, तोमिएची बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली. मला टांगताना दोरीची गाठ तिला मारता येईना, तेव्हा मास्तर मारून द्यायचे.

मग शहरात कलादालन झालं. त्यांनी मास्तरांच्या साऱ्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि मला कायमचं ठेवून घ्यायचं ठरवलं. माझ्याशेजारी पाटी लागली: 'कामे तळं. रेखाटन, कोरणी, छपाई: हिरासे इवाओ.'

उद्घाटनाला गर्दी होती. पहिल्या रांगेत तोमिए होती, गडद निळ्या किमोनोत. ओचिआई पण होता, आता पार म्हातारा, स्वतःच कवळी लावलेला. मास्तरांना चार शब्द बोलायला सांगितलं. ते काठी टेकत उठले, माझ्यापाशी आले, आणि लोकांकडे न बघता तोमिएकडे बघत म्हणाले:

"या चित्राची छपाई माझी नाही. ही पांढरी रेघ माझी नाही. हे सगळं माझ्या बायकोने छापलंय. मी इतकी वर्षं सांगितलं नाही."

माझ्या कागदाचा तंतू न् तंतू शहारला. अखेर म्हणाले! आणि दुसऱ्या क्षणी सगळं दालन हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. प्रेमाचं, कौतुकाचं. मग टाळ्या. आमच्याकडे मोठा माणूस आपलं मोठेपण कधी कबूल करत नाही. आपल्या हातून काहीच झालं नाही, सगळं गुरूंमुळे, शेजाऱ्यांमुळे, बायकोमुळे झालं, असंच म्हणायची रीत आहे. लोकांना वाटलं, मास्तर रीत पाळतायत.

"हाच तो मास्तरांचा विनय!" दालनाचे प्रमुख म्हणाले.

"विनय कसला?" ओचिआई मागे वळून ओरडला. "म्हातारपणी बायकोला लोणी लावतोय! घरी जेवायला नीट मिळत नसेल!"

पुन्हा हशा. मास्तर काठी आपटून म्हणाले, "अरे, खरं सांगतोय मी!" तर आणखी टाळ्या. मग सगळे तोमिएकडे वळले. "वहिनी, किती हो मान देतात तुम्हाला!"

मी तिच्याकडे बघत होतो. म्हण ना, बाई. एकदा म्हण, होय, मीच केलं.

तोमिए उठली, खाली वाकली, आणि तोंडापुढे हात हलवत म्हणाली, "छे हो, काहीतरीच यांचं. मला मेलीला काय येतंय? मी आपली खळ शिजवायची."

सगळे गेल्यावर ते दोघंच माझ्यासमोर राहिले. मास्तर बाकावर बसले होते. "का नाही म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"अहो, इतक्या लोकांत उठून 'होय, मीच' असं कसं म्हणणार मी? जीभ तरी वळेल का? चार लोक काय म्हणतील?"

"मी खरं बोललो होतो."

"माहितीये." तिने त्यांच्या खांद्यावरचा न दिसणारा दोरा काढला. "त्या दिवशी अंगणात म्हणाला असतात ना, तर मी नाचले असते. ओचिआईंना हात धरून दाखवलं असतं, इथे असा कागद धरला, इथे तो मेला तोफूवाला आला. सगळं सांगायचं होतं मला. पाठ करून ठेवलं होतं." तिने हात पुढे केले. "आता कुणाला सांगू? आणि ही बोटं बघा. कुणी म्हणालं, करून दाखवा, तर?"

मास्तरांनी तिचा वाकडा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखे रडले. तिने त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "चला, बस चुकेल."

नंतरच्या थंडीत मास्तर गेले. दालनातल्या माणसांच्या बोलण्यातून मला कळलं. पाटी तशीच राहिली.

त्यानंतर मला पुन्हा बाहेर काढलं तेव्हा वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांची सहल आली होती. सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या. त्यांत चाकाच्या खुर्चीवर तोमिए होती. केवढीशी झालेली! खुर्ची ढकलणारी मुलगी तिला माझ्यासमोर ठेवून दुसऱ्या कुणालातरी पाणी द्यायला गेली. तोमिएने मला ओळखलं. तिने काचेवर तळहात ठेवला, नेमका माझ्या पाण्यावर, आणि गोल गोल फिरवायला लागली. जिथे दाबायचं तिथे दाबून, सोडायचं तिथे सोडून. आणि ती गुणगुणत होती. किती वर्षांनी!

"हे मी छापलंय," ती म्हणाली. अगदी स्पष्ट म्हणाली. "तोफूवाल्याने पिपाणी वाजवली आणि माझा हात हलला. ती बघा, तिथे."

कोपऱ्यात खुर्चीवर दालनाची एक बाई मांडीवर शाल घेऊन बसली होती. ती उठून जवळ आली, वाकली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "हो का, आजी? छानच आहे. पण काचेला हात नाही हं लावायचा."

"माफ करा," तोमिए म्हणाली, आणि तिने हात मागे घेतला.

त्या बाईने मऊ फडक्याने काच पुसून टाकली.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने कागद शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, दुमडू नका, ऊन लागू देऊ नका. मला तसं काही मागायचं नाही. मला पुष्कळ जपतात. जपायचं राहून गेलं ते माणूस. तुमच्या घरात कुणाच्या हातून काही चांगलं झालं, तर त्याच दिवशी, त्याच अंगणात त्याचं नाव घ्या. उद्या घेऊ म्हणू नका. खरंसुद्धा शिळं होतं, मग ते कुणाला खरं वाटत नाही, ज्याचं असतं त्यालाही उचलवत नाही.

आणि कधी त्या दालनात आलात, तर माझी पाटी वाचू नका. आधी पाणी बघा. मग काठाची पांढरी रेघ बघा. आणि काचेला हात न लावता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात एकदा म्हणा, तोमिए. तिला आता ऐकू येणार नाही, पण मी ऐकेन.